अवयवदान : दधीचींच्या वारसांपुढील प्रश्न

(भारतीय अवयवदान दिनानिमित्त झालेल्या जाहीर कार्यक्रमात एका ज्येष्ठ मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



अवयवदानाचा कार्यक्रम आहे आणि दधीची ऋषींचे नाव निघाले नाही, असे आपल्याकडे सहसा घडत नाही. आजही प्रास्ताविकात ते निघाले. वृत्रासुराच्या वधासाठी इंद्राला वज्र हवे होते. ते घडविण्यासाठी दधीचींनी स्वेच्छेने देह ठेवला आणि आपल्या अस्थी दिल्या. ही कथा आपण आजीकडून ऐकली, मुलांना सांगितली. आपल्या सैन्याचा सर्वोच्च सन्मान असलेल्या परमवीर चक्राची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली, तेव्हा त्यावर त्यांनी इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिमा कोरल्या. म्हणजे दधीचींचा त्याग हा आपल्या राष्ट्रजीवनाच्या छातीवर मिरवावा असा मानबिंदू आहे, याविषयी दुमत नाही.

परंतु मी आज या कथेचा गौरव करण्यासाठी उभा नाही. गौरव पुष्कळ झाला. मी थोडा हिशेब मांडणार आहे.

२०१३ साली आपल्या देशात सर्व मिळून ४,९९० अवयव प्रत्यारोपणे झाली. २०२३ साली ती संख्या १८,३७८ वर गेली. दहा वर्षांत जवळजवळ चौपट वाढ झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण त्याच २०२३ साली मृत्यूनंतर अवयव देणारे दाते किती होते? १,०९९. एकशे चाळीस कोटींच्या देशात अकराशे. दहा लाख लोकसंख्येमागे एकही पूर्ण दाता नाही. स्पेनसारख्या देशात हेच प्रमाण दहा लाखांमागे पंचेचाळीसहून अधिक आहे. त्यांच्याकडे दधीची नाहीत, शिबी राजा नाही. आपल्याकडे दोघेही आहेत. मग ही तफावत का, या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.

मूत्रपिंड निकामी होते तेव्हा

माणसाच्या पाठीच्या दोन बाजूंना, बरगड्यांच्या आधाराने, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकाचे वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. पण त्या प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात जवळजवळ १८० लिटर द्रव त्यांतून गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर वगळता सारा शरीराला परत मिळतो. हे काम इतके निमूटपणे चालते की ते बिघडत आले तरी पुष्कळदा कळत नाही. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्या बिघाडाची दोन प्रमुख कारणे. वर्षानुवर्षे मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या हे आणखी एक. रक्तदाब, साखर, लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन यांची वेळच्या वेळी तपासणी केली तर माझ्याकडे येणारे कितीतरी रुग्ण येणारच नाहीत. दान मागण्याआधी आपल्याजवळ आहे ते जपावे, हे मी आग्रहाने सांगेन.

पण एकदा दोन्ही मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली की दोनच मार्ग उरतात. एक डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करणे. आठवड्यातून साधारण तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास. २०१६ साली प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना ही सेवा मिळू लागली, हे मोठे काम झाले. तथापि, चाळीस किलोमीटरवरून एस.टी.ने येणाऱ्या शेतमजुराचे आठवड्यातले तीन दिवस त्यात जातात. त्याची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. तहान लागली तरी पाणी मोजून प्यायचे. यंत्र जगवते, पण माणूस त्या यंत्राला बांधला जातो.

दुसरा मार्ग प्रत्यारोपणाचा. शरीराचा एक भाग दुसरीकडे लावण्याची विद्या आपल्याला नवी नाही. टिपूच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या कावसजी नावाच्या एका गाडीवानाला पुण्यात वीटकाम करणाऱ्या जातीतील एका शस्त्रवैद्याने कपाळाच्या त्वचेपासून नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याचे सचित्र वृत्त छापले आणि सुश्रुतांच्या परंपरेतील ही विद्या युरोपने त्यावरून उचलली. पण ती त्वचा त्या माणसाची स्वतःचीच होती. दुसऱ्याचा अवयव मात्र शरीर परका म्हणून नाकारते. ही अडचण प्रथम ओलांडली गेली ती २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे. डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसविले. दोघे तंतोतंत जुळे असल्याने शरीराने ते स्वीकारले. मरे यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली प्रयत्न झाला आणि १९७१ साली वेल्लोरला त्याला यश आले. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरीनसारखी औषधे आली आणि जुळे नसलेल्यांतील प्रत्यारोपणांचे यश पुष्कळ वाढले. आज ही शस्त्रक्रिया प्रयोगाच्या टप्प्यातून केव्हाच बाहेर पडली आहे. नवे मूत्रपिंड ओटीपोटात एका बाजूला बसवितात, जुनी बहुधा तशीच ठेवतात. औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात; पण माणूस कामावर जातो, पोटभर पाणी पितो.

आता अडचण आहे ती मूत्रपिंड आणायचे कोठून, ही.

पहिली उठते ती आई

तीस वर्षे मी बाह्यरुग्ण विभागात एक प्रसंग पुनःपुन्हा पाहत आलो आहे. तरुण रुग्णाच्या कुटुंबाला मी समोर बसवतो आणि सांगतो, मूत्रपिंड बदलावे लागेल, घरातून कोणी देऊ शकेल का? क्षणभर शांतता पसरते. मग आई म्हणते, “माझं घ्या, डॉक्टर.” तिला रक्तगट विचारलेला नसतो, धोका समजावलेला नसतो. तिचा निर्णय झालेला असतो. आई नसेल तर पत्नी, पत्नी नसेल तर बहीण.

आणि रुग्ण सून असेल तर? तेव्हा सासरची मंडळी अगदी सहज म्हणतात, “हिच्या आईला बोलावून घेतो.” पुन्हा आईच.

हा केवळ माझा अनुभव नाही. १९९५ ते २०२१ या काळातील सुमारे ३६ हजार ६०० प्रत्यारोपणांची जी राष्ट्रीय आकडेवारी प्रसिद्ध झाली, तीत २९ हजारांहून अधिक अवयव पुरुषांना मिळाले आणि स्त्रियांना सात हजारांहूनही कमी. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र स्त्रियांचीच संख्या कितीतरी मोठी आहे. याला काही वैद्यकीय कारणेही आहेत, ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजेत. बाळंतपणांमुळे काही स्त्रियांच्या रक्तात पतीच्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार झालेली असतात आणि त्यामुळे पतीचे मूत्रपिंड त्यांना चालत नाही. पण एवढ्याने एवढी मोठी दरी स्पष्ट होत नाही. ‘तो कमावता आहे, त्याला कसे कापायचे’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले याची गणती नाही. जणू स्त्री घरात जे करते ते काम नव्हेच.

आपण मातृशक्तीचा जयजयकार करणारी माणसे आहोत. म्हणून हे मी येथेच बोलतो. निरोगी माणसाला एका मूत्रपिंडावर नीट जगता येते, हे खरे. आईचा त्याग थोर, हेही खरे. परंतु ज्या समाजात दररोज कितीतरी निरोगी मूत्रपिंडे चितेवर जळतात किंवा मातीत जातात, त्या समाजात जिवंत आईच्या पोटावर शस्त्र चालवावे लागते. हा तिच्या त्यागाचा गौरव नाही. समाजाने फेडायचे ऋण ती एकटी फेडते आहे.

हृदय चालू असताना मृत्यू कसा?

२०२३ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. यांतील सारेच अवयवदाते होऊ शकत नाहीत. घटनास्थळी मृत्यू आला, हृदय थांबून वेळ गेला, तर नेत्र, त्वचा देता येतात. मूत्रपिंड, यकृत, हृदय बहुधा देता येत नाही. त्यासाठी मेंदूमृत अवस्था लागते आणि हीच अवस्था समजायला सर्वांत कठीण आहे.

डोक्याला जबर मार लागला किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव झाला, तर मेंदूला सूज येऊन त्याचा रक्तपुरवठा तुटतो. मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनाचे केंद्र कायमचे मरते. अशा वेळी रुग्ण अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर असेल, तर छाती यंत्रामुळे वरखाली होत राहते. हृदयाला स्वतःची स्पंदनव्यवस्था असल्याने प्राणवायू मिळतो तोवर तेही चालत राहते. अंग कोमट असते. नातेवाईक विचारतात, “छाती हलते आहे, मग गेला कसं म्हणता?” प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर असे की कोमात मेंदू जिवंत असतो, माणूस परत येऊ शकतो. मेंदूमृत अवस्थेतून कोणीही परत येत नाही. यंत्र किती काळ ठेवले तरी हृदय आज ना उद्या थांबतेच.

कायद्याने याबाबत पुरेशी काळजी घेतली आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूचा मृत्यू हा मृत्यू मानला. तो घोषित करायला चार डॉक्टर लागतात आणि प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील कोणीही त्यांत असू शकत नाही. सर्व चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करतात. यंत्र थोडा वेळ बाजूला करून रुग्ण स्वतः श्वास घेतो का, हेही पाहतात. त्यानंतरच कुटुंबाला विचारले जाते. एका दात्याचे हृदय, दोन फुप्फुसे, यकृत, दोन मूत्रपिंडे, स्वादुपिंड आणि आतडे अशा अवयवांमुळे आठ जणांना जीवन मिळू शकते. वेळ मात्र थोडा असतो. मूत्रपिंड बाहेर काढल्यावर साधारण एक दिवस टिकते. हृदय चार ते सहा तासच.

एका नकाराची गोष्ट

आता एक प्रसंग सांगतो. गाव, रुग्णालय काही सांगणार नाही.

माझ्याकडे एक तिशीतली बाई डायलिसिसला येत असे. दोन लहान मुले. आईला मधुमेह असल्याने तिचे मूत्रपिंड घेता येत नव्हते. बाकीचे कोणी पुढे आले नाही. प्रतीक्षायादीत नाव लावून तिला तिसरे वर्ष लागले होते. प्रत्येक वेळी जाताना ती एकच विचारी, “साहेब, फोन आला का?”

त्याच सुमारास आमच्याच अतिदक्षता विभागात दुचाकीच्या अपघातातील एक तरुण आला. हेल्मेट नव्हते. दुसऱ्या दिवशी तो मेंदूमृत झाला. रक्तगट त्या बाईचाच. समुपदेशकांनी वडिलांशी बोलणे केले. वडील सज्जन, सुशिक्षित गृहस्थ. ते म्हणाले, “मोठ्या भावाला येऊ द्या, आमच्या घरात तेच ठरवतात.” थोरले बंधू रात्री आले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “पोराची इच्छा काय होती?” कोणालाच ठाऊक नव्हते. “मग जे ठाऊक नाही ते मी कसं करू?” असे म्हणून त्यांनी हात जोडले. पहाटे हृदय थांबले.

मी त्यांना दोष देत नाही. त्या रात्री मी त्यांच्या जागी असतो तर काय केले असते, मला ठाऊक नाही. ती बाई यादीत होती म्हणून तिलाच ते मूत्रपिंड मिळाले असते, असेही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कोणाला तरी मिळाले असते. पुढे चार महिन्यांनी ती गेली.

वर्षभराने ते थोरले बंधू मला भेटायला आले. पुतण्याचे कपाट आवरताना महाविद्यालयातील शिबिरात भरलेले अवयवदानाचे कार्ड त्यांना सापडले होते. ते कार्ड त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले आणि एवढेच म्हणाले, “मला सांगायला हवं होतं हो त्यानं.”

बंधुभगिनींनो, त्या दिवशी मी घरी गेलो आणि माझे स्वतःचे कार्ड शोधले. तेही कपाटातच होते. व्याख्याने देत गावोगाव फिरलेल्या माणसाने ते आपल्या पत्नीला कधी दाखविले नव्हते.

धर्म आड येतो का?

‘अवयव काढला तर पुढच्या जन्मी तो नसेल’, ‘अपुरा देह अग्नीला कसा द्यायचा’ अशा शंका येतात. त्यांची टर उडवू नये. शोकाकुल माणसाच्या त्या शंका असतात. पण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहाला जीर्ण वस्त्राची उपमा दिली आहे. वस्त्र टाकून देताना त्यातला उपयोगी तुकडा कोणाच्या कामी आला तर नेसणाऱ्याचे काय उणे होणार? पुढच्या जन्मी नेले जाते ते कर्म, अवयव नव्हे.

पुराणकथांतून प्रत्यारोपणाचा पुरावा शोधण्यात काहींना आनंद वाटतो. मला वाटते, त्या कथांतून शस्त्रक्रिया शोधण्यापेक्षा संस्कार घ्यावा. याचे एक उदाहरण शेजारच्या श्रीलंकेत आहे. कबुतराच्या रक्षणासाठी आपले मांस तोलून देणारा शिबी राजा आपल्याला महाभारतामुळे परिचित आहे. बौद्धांच्या जातककथेत हाच शिबी राजा याचकाला आपले डोळे देतो. श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी १९६१ साली नेत्रदानाची संस्था उभी केली, तेव्हा लोकांच्या मनात ती कथा तयारच होती. त्या छोट्या देशाने आपल्या अंधांना दृष्टी दिलीच, शिवाय जगातील अनेक देशांना नेत्र पाठविले. त्यांनी कथा आचरणात आणली. आपण ती व्यासपीठावर ठेवली.

अर्थात आपल्यातही दीपस्तंभ आहेत. आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील कडोळी येथे जन्मलेले आणि चित्रकूटला ग्रामविकासाचे काम उभारणारे नानाजी देशमुख २७ फेब्रुवारी २०१० रोजी गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आला. नानाजींनी आपली इच्छा आधीच लिहून ठेवली होती, हे लक्षात घ्या. त्याच्या आदल्याच महिन्यात कोलकात्यात ज्योती बसू यांचेही देहदान झाले होते. विचारांची दोन टोके. पण देह समाजाचा आहे, यावर दोघांचे एकमत. येथे एक खुलासा करतो. देहदान वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी असते. अवयवदान रुग्णाला जीवन देण्यासाठी. नेत्र काढल्यानंतर देहदान करता येते. इतर अवयव काढल्यावर मात्र देह अभ्यासासाठी सहसा स्वीकारत नाहीत, तो अंत्यसंस्कारासाठी सन्मानाने कुटुंबाकडे परत येतो.

विश्वासाचा प्रश्न

‘आमच्या माणसाचा अवयव एखाद्या श्रीमंताला विकतील’ ही भीतीही खोटी म्हणून झटकून टाकता येत नाही. गुरगावमध्ये २००८ साली गरिबांची मूत्रपिंडे काढणारी टोळी उघडकीस आली होती. म्हणूनच कायदा २०११ साली अधिक कडक झाला. अवयवांच्या व्यापाराला पाच ते दहा वर्षे कारावास आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी शिक्षा आहे. आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या अवयवांचे वाटप पाहतात. यादीतील क्रम रक्तगट, प्रतीक्षेचा काळ, रुग्णाची अवस्था अशा निकषांवर ठरतो. संमती दिल्यानंतरचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडत नाही. अवयव कोणाला गेला, हे त्यांना सांगत नाहीत.

आणि एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रक्तगट जुळावा लागतो, ऊती जुळाव्या लागतात. जात जुळावी लागत नाही. समरसतेवर आपण पुष्कळ बोलतो. ज्या घरात एकेकाळी पाण्याच्या भांड्याला शिवू देत नसत, त्या घरातला माणूस आज कोणाच्या मूत्रपिंडावर जगतो आहे, हे त्याला कधीच कळणार नाही. समाज हा एक देह आहे, हे आपण म्हणतो. शस्त्रक्रियागृहात ते अक्षरशः खरे होते.

आज रात्री, घरी

मार्च २०२३ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी अमृतसरच्या ३९ दिवसांच्या एका बालिकेचा उल्लेख केला होता. तिच्या आईवडिलांनी तिची मूत्रपिंडे दिली. पासष्ट वर्षांची कमाल वयोमर्यादा काढून टाकल्याची आणि राज्यातील रहिवासाची अट रद्द झाल्याची माहितीही त्यांनी तेव्हाच दिली. म्हणजे वयाचे कारण उरलेले नाही. अवयव चालेल की नाही, ते डॉक्टर पाहतील. तमिळनाडूत २००८ साली एका डॉक्टर दांपत्याने आपल्या किशोरवयीन मुलाचे अवयव दिले आणि त्या एका निर्णयाने त्या राज्यातील चळवळीला गती मिळाली; २०२३ पासून तेथे दात्याला शासकीय इतमामात निरोप देतात. एका घराने केलेली कृती किती दूर जाते, ते पाहा.

आज बाहेर टेबलावर संकल्पपत्रे ठेवली आहेत. ती अवश्य भरा. पण माझी विनंती त्याहून वेगळी आहे. पत्रावरची सही पुरेशी नाही. ती वेळ येईल तेव्हा डॉक्टर तुमच्या पाकिटातील कार्डाला विचारणार नाहीत, तुमच्या घरच्यांना विचारतील. आणि आयुष्यातील सर्वांत वाईट रात्री, काही तासांत, त्यांना उत्तर द्यावे लागेल. ते ओझे त्यांच्यावर टाकू नका.

आज रात्री जेवायला बसाल तेव्हा पत्नीला, पतीला, मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा : “मी गेलो तर माझे अवयव द्या.” घरात निर्णय घेणारे थोरले कोणी असतील तर त्यांनाही सांगा. कोणी म्हणेल, “जेवताना काय हे अभद्र बोलणं!” तरी सांगा. विम्याची कागदपत्रे कोठे आहेत हे आपण सांगतोच ना, तसेच हे.

दधीचींना इंद्राने जिवंतपणी विचारले आणि त्यांनी स्वतःच्या मुखाने होकार दिला, म्हणून वज्र घडले. तुमचा होकार तुमच्या मुखातून घरच्यांच्या कानी जाऊ द्या. एवढे झाले तर यादीतल्या कोणा एका बाईला फोन जाईल, आणि कोणा एका आईला उठून “माझं घ्या” म्हणावे लागणार नाही.

वंदे मातरम्!